सूक्ष्म पतंगाची नवी प्रजाती: नमुन्यापासून नावापर्यंत

दिव्यामागच्या पांढऱ्या पडद्यावर बसलेला पाच मिलिमीटरचा पतंग कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, एवढ्यावरून तो नवा ठरत नाही. पुष्कळदा त्याचे वर्णन शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी चार-सहा ओळींत करून ठेवलेले असते, तेही चित्राशिवाय. एडवर्ड मेरिक (1854–1938) हा इंग्लंडमधला शाळामास्तर. त्याने एकट्याने जगभरातल्या 14 हजारांहून अधिक सूक्ष्म पतंगांना नावे दिली. त्यातली बहुतेक वर्णने नुसत्या शब्दांत आहेत, आणि प्रजाती ओळखायला मोलाच्या असलेल्या जननेंद्रियांच्या तपासणीला त्याने कधी महत्त्व दिले नाही. त्याचे पतंग नक्की कसे होते हे इतरांना नीट कळायला जे. एफ. गेट्स क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाला लंडनच्या संग्रहालयातले मेरिकचे मूळ नमुने तपासून, त्यांची छायाचित्रे काढून आठ खंड छापावे लागले. ते काम 1955 ते 1970 एवढे चालले.

म्हणून या कामात 'हा नवा आहे' हे म्हणणे शेवटी येते. त्याआधी 'हा अमुक नाही, तमुकही नाही' हे एकेक करून दाखवावे लागते, आणि तीन चतुर्थांश मेहनत तिथेच जाते. पुढे जो क्रम दिला आहे तो याच हिशोबाने. हौशी अभ्यासकालाही हे जमते. त्यासाठी पदवी लागत नाही. लागतो तो चांगला स्टिरिओ मायक्रोस्कोप, स्थिर हात आणि जुनी कागदपत्रे उपसण्याची चिकाटी.

नमुना हातात असावा, आणि नीट असावा

काहीही पकडण्याआधी परवानगीचे बघा. कुठे, कुणाची आणि कसली परवानगी लागते हे प्रत्येक देशात वेगळे आहे. जैविक नमुन्यांच्या वापराविषयीचा, 2010 साली स्वीकारलेला आणि 2014 पासून लागू झालेला नागोया करार आल्यापासून नमुना किंवा त्याचा डीएनए देशाबाहेर पाठवण्याचे नियमही कडक झाले आहेत. परवान्याचा क्रमांक नसेल तर चांगली संग्रहालये नमुना घेत नाहीत आणि नियतकालिके लेख परत पाठवतात. लेख तयार झाल्यावर हे कळले तर डोक्याला हात लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

सूक्ष्म पतंगाची ओळख त्याच्या खवल्यांत असते, आणि खवले नुसत्या स्पर्शाने उडतात. म्हणून जाळीत सापडलेले दहा पतंग एका बाटलीत कोंबू नका. प्रत्येकाला वेगळी छोटी नळी द्या. पडद्यावरचा पतंग नळी वरून अलगद टेकवून घ्यावा आणि झाकण घालताना तो तळाशी जाईल असे पाहावे. मारण्यासाठी फ्रीझर सर्वांत सुरक्षित, कारण डीएनए चांगला टिकतो. अमोनियाची वाफ वापरणारे बरेच जण आहेत. तिने मेलेल्या पतंगाचे पंख सैल राहतात आणि पसरायला सोपे जातात, मात्र हिरवट रंग असेल तर तो बिघडतो.

पंख पसरायचे ते पतंग ताजा असतानाच. वाळलेला पतंग ओलावा देऊन मऊ करता येतो, पण या आकारात त्याची झालर आणि ठेवण पहिल्यासारखी राहत नाही. साधी टाचणी इथे कामाची नाही, तिने छातीच फुटते. बिनडोक्याची, केसाएवढी बारीक स्टेनलेस स्टीलची सूक्ष्म टाचणी वापरायची. ती छातीच्या मधोमध घालायची, मग तो टाचलेला पतंग फोमच्या छोट्या तुकड्यावर रोवायचा आणि त्या तुकड्यातून नेहमीची मोठी टाचणी घालायची. लेबले त्या मोठ्या टाचणीवर येतात. पुढे पन्नास वर्षे जो तो नमुना हाताळेल तो मोठी टाचणी धरेल, पतंगाला कुणाचा हात लागणार नाही.

लेबलाचा कंटाळा करू नका. देश, प्रांत, जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पकडण्याची रीत आणि पकडणाऱ्याचे नाव, हे सगळे आम्लविरहित कागदावर हवे. तारखेतला महिना रोमन अंकात लिहिण्याची पद्धत आहे, कारण 5/7 म्हणजे मे की जुलै यावर पुढे वाद होतात. नुसता वहीतला क्रमांक टाचणीवर लावून ठेवणारे लोक आहेत. वही हरवली की तो नमुना कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

किती नमुने हवेत? नियमाने एक पुरतो. एकच नमुना असूनही लेख छापलेले आहेत आणि काही वेळा दुसरा इलाजही नसतो. पण एका नमुन्यावरून प्रजातीत किती फरक पडतो ते कळत नाही, आणि जे वेगळे दिसते ते त्या एका पतंगाचेच वैशिष्ट्य तर नाही ना, ही शंका राहते. शक्य असेल तर नर आणि मादी दोन्ही मिळेपर्यंत थांबा.

सर्वांत श्रीमंत माहिती मिळते ती अळी पाळून. नेप्टिक्युलिडी आणि ग्रॅसिलॅरिडी कुळांतल्या अनेक अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदे करत जगतात, ज्यांना शेतकरी नागअळी म्हणतो तशा. बोगद्याची नागमोड, तो कुठे रुंद होतो आणि विष्ठेची रेघ त्याच्या मधोमध जाते की काठाने, या सगळ्या खुणा पतंगाच्या पंखाइतक्याच बोलक्या असतात. पान डब्यात ठेवून पतंग बाहेर काढला तर यजमान वनस्पती ठाम कळते, नर-मादी एकाच घाण्यातले असल्याची खात्री होते आणि न उडालेल्या खवल्यांचा कोरा पतंग हाती येतो. रिकामे बोगदे असलेली पाने दाबून वाळवून ठेवा. वनस्पतीची ओळख वनस्पतीतज्ज्ञाकडून करून घ्या आणि तिचाही फांदीचा नमुना जपा.

आता शोधाशोध

आधी कुळ, मग जीनस, म्हणजे कुळातला जवळच्या प्रजातींचा गट. डोक्यावरचे खवले, सोंड आणि तोंडाजवळचे पाल्प नावाचे छोटे अवयव, स्पर्शिकेचा बुडखा आणि पंखातल्या शिरा यांवरून कुळापर्यंत पोहोचता येते. नेप्टिक्युलिडीत स्पर्शिकेचा पहिला खंड इतका रुंद असतो की तो डोळ्यावर टोपीसारखा येतो. जेलेकिडीत पाल्प कोयत्यासारखे वर वळलेले आणि मागच्या पंखाचे टोक ओढल्यासारखे निमुळते असते. इथे चूक झाली तर पुढची सगळी तुलना चुकीच्या प्रजातींशी होते. स्वतःला खात्री नसेल तर त्या कुळाच्या जाणकाराला फोटो पाठवून विचारायला संकोच करू नये. या क्षेत्रात माणसे थोडी आहेत आणि ती सहसा उत्तर देतात.

जीनस ठरली की तिच्यातल्या आजवर नाव दिलेल्या सगळ्या प्रजातींची यादी करा. सगळ्या म्हणजे आपल्या भागातल्याच नव्हेत. पतंगाला सीमा कळत नाहीत, आणि रोपांबरोबर अळ्या खंड ओलांडतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जुन्या कार्डांवरून तयार झालेली लेप-इंडेक्स ही सूची सुरुवातीला उपयोगी पडते. जुनी मूळ वर्णने बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत वाचायला मिळतात. प्रत्येक प्रजातीपुढे चार गोष्टी भरत जा: मूळ वर्णन वाचले का, मूळ नमुना कुठे आहे, त्याच्या जननेंद्रियांचे चित्र छापले आहे का, आणि आपला पतंग त्याच्यापासून कशात वेगळा आहे. चौथा रकाना जोवर सगळ्या ओळींत भरत नाही, तोवर 'नवी' हा शब्द मनातही आणू नये.

दुसऱ्याने केलेल्या ओळखीवर, पुस्तकातल्या चित्रावर किंवा इंटरनेटवरच्या फोटोवर विसंबू नका. नाव ज्या एका नमुन्याला बांधलेले असते तो होलोटाइप, आणि शेवटचा शब्द त्याचाच. संग्रहालयाला पत्र लिहून होलोटाइपचे आणि त्याच्या जननेंद्रियांच्या स्लाइडचे फोटो मागवा. शक्य असेल तर स्वतः जाऊन बघा. अनेक जुन्या प्रजाती भलत्याच जीनसमध्ये टाकलेल्या असतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन जीनसही धुंडाळाव्या लागतात. हे काम रटाळ आहे यात वाद नाही. पण आधीच नाव असलेल्या पतंगाला पुन्हा नाव दिले तर आपले नाव समानार्थी ठरून बाद होते, आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते ओझे वाहावे लागते.

या शोधाशोधीचा एक फायदाही आहे. संग्रहालयांच्या खणांत नाव न मिळालेले पतंग ढिगाने पडून असतात. 2017 साली गाजलेला निओपॅल्पा डोनाल्डट्रम्पी हा छोटा जेलेकिड पतंग असाच संग्रहातल्या नमुन्यांतून निघाला. आपल्याच प्रजातीचे आणखी नमुने 'अनोळखी' अशा चिठ्ठीखाली कुठेतरी असण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा मागवताना तेही मागवा.

जननेंद्रियांची स्लाइड

बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन सूक्ष्म पतंग आतून पूर्ण वेगळे निघणे ही इथली रोजची गोष्ट आहे. नराच्या पोटाच्या टोकाशी कायटिनचे कठीण भाग असतात. त्यांचे आकार प्रजातीगणिक बदलतात, म्हणून आजच्या काळात जननेंद्रिये न दाखवता सूक्ष्म पतंगाची नवी प्रजाती मांडली तर तज्ज्ञ ती गांभीर्याने घेत नाहीत.

पहिली चार-सहा विच्छेदने नेहमीच्या, मुबलक मिळणाऱ्या प्रजातींवर करा. होलोटाइप होणाऱ्या नमुन्यावर हात साफ करून घ्यायचा नसतो.

पतंगाचे पोट बारीक चिमट्याने खालून वर असे हलके उचलले की वाळलेल्या नमुन्यात ते बुडाशी सुटते. ते लगेच क्रमांक लिहिलेल्या नळीत टाका आणि तोच क्रमांक पतंगाच्या टाचणीवर लावा. दोन पोटे एकाच वेळी उघड्यावर ठेवू नका. नळीत 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवले, किंवा नळी गरम पाण्यात काही मिनिटे धरली, की आतले मांस विरघळते आणि कठीण भाग राहतात. हे द्रावण कातडी आणि डोळे जाळते, तेव्हा चष्मा हवाच. तीन मिलिमीटरच्या पतंगाला वेळ कमी लागतो. जास्त शिजले तर पातळ पडदे विरघळायच्या बेतात येतात, म्हणून मधूनमधून बघत राहा.

मग पोट पाण्याच्या थेंबात आणि नंतर पातळ अल्कोहोलमध्ये घ्या. बारीक कुंचल्याने खवले झाडायचे, बुडाकडून टोकाकडे. खवल्यांचा गढूळ ढग झाला की थेंब बदला. विरघळलेला गाळ पोटाच्या उघड्या बाजूने हलक्या दाबाने बाहेर काढा. शेवटच्या खंडाच्या पडद्यात सुईचे टोक घालून गोल फिरवले की जननेंद्रियांचा संच पोटाच्या कातडीपासून वेगळा होतो. ही कातडी फेकू नका. तिच्यावरचे केसांचे झुबके आणि कडक पट्ट्या यांतही खुणा असतात, तीही स्लाइडवर जाते.

इथे थांबून ग्लिसरीनच्या थेंबात संच सगळ्या बाजूंनी बघा, चित्र काढा, फोटो घ्या. स्लाइडवर एकदा सपाट केले की तिसरी मिती गेली, आणि दाबल्यामुळे बदललेला आकार खरा समजून वर्णन करणारे लेख कमी नाहीत. नरात पाहायचे ते असे: वरचा आकडा म्हणजे अंकस, त्याखालचा ग्नॅथॉस, छपरासारखे टेग्युमेन, दोन्ही बाजूंच्या पकडी म्हणजे व्हाल्व्हा, आणि मधला नळीसारखा फॅलस, ज्याच्या आत कॉर्न्युटाय नावाचे काटे असू शकतात. फॅलस बहुतेक वेळा अलगद ओढून वेगळा ठेवतात. काही गटांत तो आसपासच्या भागांना जखडलेला असतो, तिथे ओढाताण करू नये. मादीत वीर्यकोशाची नळी, कोशाचा आकार आणि त्याच्या भिंतीवरचा सिग्नम हा कडक ठिपका किंवा काटेरी पट्टा महत्त्वाचा. मादीचे भाग पारदर्शक असतात, रंग दिल्याशिवाय दिसतच नाहीत. क्लोराझोल ब्लॅकचा एक थेंब काही क्षणांत काम करतो. जरा जास्त वेळ राहिला तर सगळे काळेभोर होते.

शेवटी चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून पाणी काढून युपॅराल या पारदर्शक, चिकट माध्यमाच्या थेंबात मांडणी करायची. त्या कुळातल्या प्रकाशित स्लाइड ज्या पद्धतीने मांडलेल्या असतात तशीच मांडा, म्हणजे तुलना करणाऱ्याला मान वाकडी करावी लागणार नाही. कव्हरस्लिप ठेवली की स्लाइड काही आठवडे सपाट वाळू द्या. स्लाइडवर क्रमांक, लिंग आणि प्रजातीचे नाव, आणि पतंगाच्या टाचणीवर 'स्लाइड क्रमांक अमुक' ही चिठ्ठी. ही जोडी तुटली तर दोन्ही अर्धे निरुपयोगी.

डीएनए काय सांगतो आणि काय नाही

बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सीओआय या मायटोकाँड्रियल जनुकाचा 658 बेसचा तुकडा वाचतात. एक पाय पुरतो. पोटातूनही डीएनए काढता येतो. एन्झाइमने मांस विरघळते, डीएनए मिळतो, आणि उरलेल्या सांगाड्याची स्लाइड होते. मिळालेला क्रम बोल्ड आणि जेनबँक या डीएनए-क्रमांच्या दोन्ही सार्वजनिक साठ्यांत भरा आणि त्याबरोबर नमुन्याचा क्रमांक द्या.

'दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी प्रजाती' हे वाक्य फार ऐकू येते. तो अंदाज आहे, नियम नाही. काही जीनसमध्ये खऱ्या प्रजातींत याहून कमी फरक असतो, काहींत एकाच प्रजातीच्या दूरच्या झुंडींत जास्त. शिवाय वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू आईकडून पिल्लांकडे मायटोकाँड्रियाबरोबरच जातो, आणि त्यामुळे बारकोडचे चित्र पार फिरू शकते. माझ्या मते बारकोडचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे: बाहेरून वेगळे दिसणारे नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत हे ठरवायला, आणि आकारातला फरक खरा आहे का याची दुसऱ्या वाटेने पडताळणी करायला. पंख, जननेंद्रिये, यजमान वनस्पती आणि डीएनए यांतल्या निदान दोन गोष्टींनी एकच सांगितले तर लेखकाने निश्चिंत व्हावे.

लिहिणे

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती 1999 ची, 1 जानेवारी 2000 पासून लागू. नवी प्रजाती वैध ठरण्यासाठी काही गोष्टी लागतातच. त्या नसल्या तर बाकी लेख कितीही सुंदर असो, नाव संहितेच्या भाषेत 'उपलब्ध', म्हणजे ग्राह्य, होत नाही. प्रजाती नवी आहे असे स्पष्ट लिहिलेले हवे. बहुतेक जण त्यासाठी लॅटिन लघुरूप वापरतात. वेगळेपणाच्या खुणा शब्दांत सांगितलेल्या हव्यात, नुसता फोटो चालत नाही. होलोटाइप कोणता ते नेमके सांगायला हवे, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल त्या संग्रहाचे नाव आणि ठिकाण द्यायला हवे. बाकीचे नमुने पॅराटाइप. नाव त्यांना बांधलेले नसते, पण ते दोन-तीन संग्रहालयांत वाटून ठेवणे शहाणपणाचे, कारण आग आणि किडे कुणाला सांगून येत नाहीत.

गंमत म्हणजे वर्णनाची भाषा कोणती असावी याची सक्ती संहितेत नाही. वनस्पतींसाठी 2011 अखेरपर्यंत लॅटिन वर्णन सक्तीचे होते, प्राण्यांना तसे बंधन नाही. नाव लॅटिन लिपीत असले की वर्णन मराठीतही वैध ठरेल. फक्त जगभरच्या अभ्यासकांना वाचता येईल अशा भाषेत निदान खुणा तरी द्याव्यात, अशी शिफारस आहे. ती पाळावी, नाहीतर आपला पतंग दुसरे कुणीतरी पुन्हा 'शोधेल'.

लेखाचा गाभा म्हणजे ओळखखुणांचा परिच्छेद, ज्याला इंग्रजीत डायग्नोसिस म्हणतात. वर्णन आणि डायग्नोसिस या दोन गोष्टींची सरमिसळ नवखे लेखक हमखास करतात. वर्णनात पतंग डोक्यापासून पोटापर्यंत कसा आहे ते सगळे येते. डायग्नोसिसमध्ये फक्त तेवढेच यावे, ज्यावरून तो सर्वांत जवळच्या प्रजातींपासून सुटा करता येतो. पुढचे उदाहरण काल्पनिक आहे.

असे नको: 'हा लहान करडा पतंग असून पुढच्या पंखावर काळे ठिपके आहेत. तो इतर प्रजातींपेक्षा वेगळा दिसतो.'

असे हवे: 'नराच्या व्हाल्व्हाच्या टोकाशी लांबीने असमान असे दोन काटे. सर्वांत जवळच्या क प्रजातीत काटा एकच आणि तो व्हाल्व्हाच्या मध्यावर. ख प्रजातीतही काटे दोन, पण समान लांबीचे, आणि तिच्या फॅलसमध्ये कॉर्न्युटाय नाहीत. मादीचा सिग्नम एकच आणि करवतीच्या कडेचा, क मध्ये सिग्नमची जोडी. पंखांच्या नक्षीवरून क पासून वेगळी ओळखता येत नाही.'

शेवटचे वाक्य बघा. ते लिहायला लेखकाला जड जाते, कारण त्याने आपल्या पतंगाचे तेज कमी झाल्यासारखे वाटते. पण ते वाक्य वाचणाऱ्याचे कितीतरी तास वाचवते, आणि नुसत्या फोटोवरून होणाऱ्या चुकीच्या नोंदींना तिथेच आळा बसतो.

वर्णनाचा क्रम त्या गटात रूढ आहे तोच ठेवा: डोके, स्पर्शिका, छाती, पुढचा पंख, मागचा पंख, पोट, नराची जननेंद्रिये, मादीची जननेंद्रिये. तुटक वाक्ये चालतात, किंबहुना तीच अपेक्षित असतात. मोजमापात 'लहान', 'मध्यम' असे शब्द नकोत, मिलिमीटर द्या आणि किती नमुने मोजले ते सांगा. या आकारात पंखविस्तारापेक्षा पुढच्या पंखाची बुडापासून झालरीच्या टोकापर्यंतची लांबी जास्त भरवशाची, कारण पंख किती ताणून पसरले यावर विस्तार बदलतो. रंगाबद्दल बोलताना 'सोनेरी' कुठल्या कोनातून दिसतो तेही सांगा. धातूसारखी चमक असलेले खवले प्रकाश हलला की रंग बदलतात. झिजलेल्या नमुन्यावरून नक्षीचे वर्णन करू नका. खवले उडालेली जागा आणि मुळातच असलेला फिका डाग यांत फरक करणे कधी कधी तज्ज्ञालाही जड जाते.

छायाचित्रे वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या फोटोंची थर रचून केलेली असावीत आणि प्रत्येकावर मोजपट्टी हवी. होलोटाइप, त्याची लेबले, डोके, नर-मादीच्या स्लाइड, असल्यास पानावरचा बोगदा आणि अधिवास एवढे पुरते. जमले तर सर्वांत जवळच्या प्रजातीची स्लाइड शेजारी छापा. दोन चित्रे बाजूबाजूला असली की परीक्षकाची अर्धी शंका मिटते.

नाव

लिनियसने 1758 मध्ये पतंगांच्या नावांना गटानुसार शेवट लावले होते: टिनियांना '-एल्ला', टॉर्ट्रिक्सना '-आना', पायरॅलिसना '-आलिस', पिसासारख्या पंखांच्या अल्युसिटांना '-डॅक्टिला'. पुष्कळ लेखक आजही हौसेने तो रिवाज पाळतात. सक्ती नाही.

नाव जागेवरून, यजमान वनस्पतीवरून, एखाद्या खुणेवरून किंवा माणसावरून ठेवता येते. पुरुषाच्या नावाला '-आय', स्त्रीच्या नावाला '-ए' असा षष्ठीचा शेवट येतो. विशेषण असेल तर संहितेप्रमाणे ते जीनसच्या लिंगाप्रमाणे चालते. पतंगांवर काम करणारे बरेच जण मात्र मूळ शुद्धलेखनच कायम ठेवतात, जीनस बदलली तरी. या वादात पडायचे नसेल तर नाम किंवा षष्ठीतले नाव घ्या, ते बदलत नाही. तेच नाव त्या जीनसमध्ये आधी वापरले आहे का ते तपासा, जीनसच्या जुन्या समानार्थी नावांखालीसुद्धा. स्वतःचे नाव स्वतःच्या प्रजातीला देण्यावर बंदी नाही, पण ते हसे करून घेणे आहे. खुणेवरून ठेवलेले नाव मला व्यक्तिशः बरे वाटते, तरी एक सावधगिरी: 'निळी' असे नाव ठेवले आणि पुढे त्याहून निळी प्रजाती सापडली, तर नाव बदलता येत नाही.

छापणे

झूटॅक्सा, झूकीज, नोटा लेपिडॉप्टेरोलॉजिका यांसारख्या नियतकालिकांत असे लेख येतात. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे तो प्रकाशनाआधी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवलेला हवा, त्या नोंदीचा पुरावा लेखातच दिसायला हवा आणि प्रकाशनाची तारीखही लेखात हवी. अंतिम रूप येण्याआधी निघालेली कच्ची आवृत्ती प्रकाशन म्हणून धरली जात नाही. म्हणून नाव आधीच समाजमाध्यमांवर, व्याख्यानात किंवा परिषदेच्या सारांशात उघड करू नका. तिथे ते वैध होत नाही, आणि दुसऱ्याने ते नाव चुकून वापरले तर गोंधळ निस्तरत बसावे लागते.

परीक्षकांपैकी निदान एक जण त्या कुळावर काम करणारा असावा असे संपादकाला स्वतःहून सुचवा. तो एखादी प्रजाती काढून म्हणेल, हिच्याशी तुलना केली का? यादीचा चौथा रकाना खरोखर भरलेला असेल तर उत्तर दोन ओळींत देता येते.

लेख निघाला की होलोटाइप ठरल्या संग्रहालयात पोचवायचा राहतो. 'ठेवला जाईल' असे लिहून नमुना वर्षानुवर्षे घरच्या खोक्यात ठेवणारे कमी नाहीत. लाल लेबल लावा आणि त्यावर प्रजातीचे नाव व लेखकाचे नाव लिहा. मुख्य टाचणी फोममध्ये खोल रोवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या टाचण्या अशा लावा की फोमचा तुकडा गोल फिरणार नाही. वेगळ्या नळ्या किंवा सुटे पाय त्याच खोक्यात कधीच नकोत, एक नळी सुटली तर ती सगळ्यांचा चुरा करते. ते खोके मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी मऊ भर घालून. स्लाइड वेगळ्या पाकिटात जाते. कुणी ओळखीचे त्या बाजूला जात असेल तर होलोटाइप त्याच्या हाती देणे कुरियरपेक्षा बरे, आणि पोच मिळाली की तिच्यावरचा संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक लगेच झूबँकच्या आणि जेनबँकच्या नोंदीत भरून टाका.